दवाखान्याचं बिल, आरोग्य विमा आणि डोक्यावरचं कर्ज: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लेमचे कागद लावून देण्याच्या निमित्ताने आमच्याकडे जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक फोन डिस्चार्जच्या दिवशी येतात. तोवर खोली निवडून झालेली असते, फॉर्मवर सह्या झालेल्या असतात आणि निम्मे पैसे हातउसने आणलेले असतात. शक्य असेल तर घरात कुणी आजारी नसताना हे वाचा. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या पॉलिसीत जे छापलंय तेच तुम्हाला लागू होतं.

१. पाच लाखांचा विमा आहे. म्हणजे पाच लाखांपर्यंत खिशातून काही जाणार नाही ना?

जाईल. पाच लाख ही वरची मर्यादा आहे, तेवढी रक्कम मिळेलच अशी हमी नाही. खोलीभाड्याची मर्यादा (प्रश्न ३), न मिळणाऱ्या वस्तू (प्रश्न ४), जुन्या आजाराची प्रतीक्षा (प्रश्न ५), मोतीबिंदूसारख्या उपचारांना ठरवून दिलेली वेगळी मर्यादा आणि को-पे, एवढ्या चाळण्यांतून बिल जातं. २० टक्के को-पे असेल तर मंजूर झालेल्या रकमेचाही पाचवा हिस्सा तुम्हीच भरायचा. बाह्यरुग्ण तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या बहुतेक पॉलिसींत नसतातच, आणि मधुमेह-रक्तदाबाच्या घरात खरा खर्च तिथेच होतो.

पॉलिसी हातात आल्यावर तिच्यासोबतचं ग्राहक माहितीपत्रक तरी वाचा. पसंत पडली नाही तर ३० दिवसांच्या आत परत करता येते.

२. कॅशलेस आहे, तरी हॉस्पिटलने ५० हजार डिपॉझिट का घेतलं? आणि डिस्चार्ज सकाळी सांगून संध्याकाळपर्यंत का बसवलं?

कॅशलेस म्हणजे मंजूर रक्कम विमा कंपनी थेट हॉस्पिटलला देते. मंजुरी येईपर्यंत आणि कंपनी जे देणार नाही त्यापोटी हॉस्पिटल डिपॉझिट मागतं. त्याची पावती घ्या आणि अंतिम बिलात ते वळतं झालंय का ते पाहा. ‘डिपॉझिटचे पैसे परत आलेच नाहीत’ ही तक्रार वाटते त्याहून जास्त वेळा येते.

विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एक तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा आकारणी केली, तर तो भुर्दंड कंपनीचा. मात्र हे घड्याळ हॉस्पिटलने अंतिम बिल पाठवल्यावर सुरू होतं. डॉक्टर सकाळी अकराला ‘घरी जा’ म्हणतात आणि बिलिंगवाला चारला फाइल पाठवतो, तेव्हा मधले पाच तास कंपनीच्या खात्यात धरता येत नाहीत. त्यामुळे आधी टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातल्या विम्याच्या काउंटरवर) विचारा, “फाइल किती वाजता गेली?”

नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. जानेवारी २०२४पासून तशी सोय आहे. ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवायचं. हॉस्पिटल तयार नसेल तर पैसे भरून नंतर प्रतिपूर्तीचा क्लेम करावा लागतो.

३. खोलीभाडं मर्यादेपेक्षा फक्त तीन हजारांनी जास्त होतं. मग ८७ हजार कसे कापले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून आकडे मांडूनच सांगतो.

समजा पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,०००ची सिंगल खोली घेतली आणि सहा दिवस राहिलात. बिल असं: खोली ४८,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि व्हिजिट मिळून १,६०,०००, औषधं ४५,०००, तपासण्या २०,०००, न मिळणाऱ्या वस्तू ९,०००. एकूण २,८२,०००.

खोलीचे ३०,००० मिळाले, १८,००० तुमचे. लोकांचा हिशेब इथेच थांबतो. पण महागड्या खोलीत डॉक्टरांची फी आणि थिएटरचे दरही वाढतात, असं धरून कंपनी त्या १,६०,०००लाही पाच भागिले आठ हेच प्रमाण लावते. मिळाले १,००,०००, गेले ६०,०००. औषधं आणि तपासण्यांचे ६५,००० पूर्ण मिळाले, वस्तूंचे ९,००० गेले. कंपनीने दिले १,९५,०००. तुमच्या खिशातून ८७,०००.

आता खाचा. ही प्रमाणशीर कपात औषधं, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि निदान तपासण्यांना लावता येत नाही, आयसीयूच्या आकारालाही नाही. आणि ज्या हॉस्पिटलात खोली कोणतीही असली तरी डॉक्टर-थिएटरचे दर तेच असतात, तिथे ती मुळातच लागू होत नाही. कंपनीचं पत्र हातात आलं की कोणत्या ओळींना कात्री लागली ते पाहा. औषधांच्या बिलालाही सरसकट पाच-आठचं प्रमाण लावलेली पत्रं आम्ही पाहिली आहेत. तक्रार केली की ती दुरुस्त होतात.

भरतीच्या वेळी काउंटरवर “कुठली रूम देऊ?” असं विचारलं की पॉलिसीची मर्यादा सांगा आणि त्यातच बसणारी खोली मागा. ती शिल्लक नसल्यामुळे वरची देत असतील, तर तसं लिहून घ्या.

४. ‘नॉन-पेएबल’ म्हणून काय काय कापतात?

विमा नियामकाच्या यादीत अशा ६८ वस्तू आहेत: डायपर, थर्मामीटर, नेब्युलायझर किट, कमरेचे पट्टे वगैरे. यांचे पैसे मिळत नाहीत, जादा हप्ता भरून तसा रायडर (पॉलिसीला जोडलेलं वाढीव संरक्षण) घेतला असेल तरच मिळतात. कापूस, गॉझ यांसारख्या काही वस्तूंचा खर्च मात्र शस्त्रक्रियेच्या दरातच धरलेला असायला हवा. हॉस्पिटलने त्या वेगळ्या लावल्या असतील, तर भांडण कंपनीशी न करता बिलिंग काउंटरवर करायचं.

५. मला आधीपासून शुगर आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका. काय करू?

लिहा. एजंटचं कमिशन पॉलिसी निघाली की ठरतं, तुमचा क्लेम तीन वर्षांनी येतो. जुन्या आजारासाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते. पूर्वी ४८ होती. लिहिलेला आजार त्यानंतर कव्हर होतो. लपवलेला आजार मात्र क्लेमच्या दिवशी सापडतो आणि मग पॉलिसीच रद्द होण्याची वेळ येते.

पॉलिसी सलग ६० महिने चालू असेल, तर त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. ही मुदत आधी आठ वर्षं होती.

प्रामाणिक माणसंही यात कशी सापडतात ते सांगतो. रात्री दोन वाजता रुग्णाला आणलं की शिकाऊ डॉक्टर विचारतात, “शुगर किती दिवसांपासून?” घाबरलेला मुलगा म्हणतो, “असेल चार-पाच वर्षं.” प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचं असतं. पण केस पेपरवर ‘पाच वर्षे’ उमटतं आणि पॉलिसी तीन वर्षांची असेल तर क्लेम तिथेच अडकतो. त्यामुळे नक्की माहीत नसेल तर “आठवत नाही” म्हणा. चुकीचं लिहिलं गेलंच, तर निदानाचा पहिला रिपोर्ट दाखवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्या.

६. डेंग्यूत तीन दिवस भरती होतो. ‘ओपीडीत उपचार शक्य होते’ म्हणून क्लेम नाकारला. हे बरोबर आहे का?

पावसाळा संपता संपता अशा फोनांची रांग लागते. कंपनी नर्सिंग नोट्स पाहते. तिथे ‘पेशंट स्टेबल, जेवण घेतलं’ एवढंच असेल आणि सलाइनची नोंद नसेल, तर भरतीची गरज नव्हती असं म्हणायला त्यांना जागा मिळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरती का आवश्यक होती याचं पत्र घ्या: प्लेटलेट कितीवरून कितीवर आल्या, उलट्या होत्या का, रक्तदाब किती होता. रोजचे रिपोर्ट जोडा आणि फेरविचार मागा. क्लेम नाकारण्याआधी तो कंपनीच्या क्लेम आढावा समितीपुढे जाणं बंधनकारक आहे. तो गेला होता का, तेही लेखी विचारा. पुढची पायरी प्रश्न १४मध्ये.

७. निफाडजवळच्या लहान हॉस्पिटलात होतो. ‘१५ खाटा नाहीत’ म्हणून नाकारलं.

दोन गोष्टी तपासा. लोकसंख्या दहा लाखांपेक्षा कमी असलेल्या गावात अट १० खाटांची असते, १५ची नाही. नाशिक शहर २०११च्या जनगणनेतच साडेचौदा लाखांच्या वर होतं, त्यामुळे १५चा आकडा शहराला लागतो. निफाड, सिन्नर, येवल्याला १०. दुसरं म्हणजे, पॉलिसीतली हॉस्पिटलची प्रमाणित व्याख्या ‘नोंदणीकृत असलेलं किंवा या किमान अटी पूर्ण करणारं’ अशी आहे. त्यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. हॉस्पिटलचं नर्सिंग होम कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र क्लेमला जोडा आणि या ओळीवर बोट ठेवा.

८. सातपूर-अंबडला कंपनीत आहे. कंपनीचा विमा पुरेसा नाही का?

नोकरी आहे तोवर ठीक. नोकरी सुटली, कंपनी बंद पडली किंवा निवृत्त झालात की तो त्याच दिवशी संपतो, आणि नेमकं तेव्हा वय वाढलेलं असतं. बाहेर पडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. जुनी प्रतीक्षा मुदत धरली जाते. बाहेर पडून दोन महिने झाल्यावर विचारणाऱ्यांना आम्हाला फार काही सांगता येत नाही.

पगार महिना २१,०००पर्यंत असेल तर कामगार विमा योजना लागू असते आणि सातपूरचं कामगार विमा रुग्णालय तुमच्यासाठीच आहे. त्यात खर्चाच्या कपाती नाहीत, बाह्यरुग्ण सेवाही मिळते. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, पण अनेकांना आपलं कार्ड आहे हेच माहीत नसतं. कंत्राटदाराकडे असाल तर विमा क्रमांक मागून घ्या.

९. पांढरं रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजनेत बसतो का?

हो. जुलै २०२४पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना कार्डाचा रंग न पाहता लागू आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख आहे. पण उपचार योजनेच्या यादीत हवा आणि हॉस्पिटल अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील हवं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत.

भरती होतानाच आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) भेटा. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही सोबत ठेवा. रोखीने भरती होऊन चार दिवसांनी ‘आता योजनेत टाका’ म्हटलं की बहुतेक वेळा दार बंद झालेलं असतं. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून चालतात.

योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी वेगळे पैसे मागणं चूक आहे. ‘इम्प्लांट चांगला टाकतो, वरचे ४० हजार द्या’ हे वाक्य ऐकू आलं की १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करा. शहरात जिल्हा रुग्णालय आणि शालिमारचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय ही दोन ठिकाणं आधी विचारून पाहावीत. हृदय, किडनी आणि कर्करोगासाठी संदर्भ रुग्णालय आहे आणि तिथे जायला संकोच वाटावा असं काही नाही.

लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम वेगळा आहे. अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणी पथकाकडून नोंद होते.

१०. आईचं वय ७२. आमचं उत्पन्न बऱ्यापैकी आहे. तरी सरकारी कार्ड निघेल?

निघेल. ७० वर्षांवरील कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४पासून सुरू आहे, संरक्षण वर्षाला पाच लाख. खासगी विमा असला तरी चालतं. वय आधारवरून धरतात, त्यामुळे आधारवरची जन्मतारीख चुकीची असेल तर ती आजच दुरुस्त करा.

११. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात झाला. खर्च कोण देणार?

मे २०२५मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. पोलिसांकडे नोंद लागते, म्हणून ११२ला फोन करा. दीड लाखावरचा खर्च आणि नुकसानभरपाई हा मोटार अपघात न्यायाधिकरणाचा वेगळा विषय.

बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना हॉस्पिटलचं बिल देत नाही. ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे.

१२. योजनेतही बसत नाही, विमाही नाही. बिल कमी करायला काही मार्ग?

पहिला मार्ग धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक न्यासाने चालवलेल्या आणि धर्मादाय योजनेखाली येणाऱ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवू नये, हेही या योजनेतच आहे. रुग्णालयाचा समाजसेवा अधिकारी शोधा; ‘कोटा भरला’ म्हणाले तर लेखी मागा आणि नाशिकच्या धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात अर्ज द्या. चकचकीत लॉबी पाहून लोक विचारतच नाहीत. पण काचेच्या दाराआडचं रुग्णालयही कागदोपत्री धर्मादाय असू शकतं.

दुसरा मार्ग मुख्यमंत्री सहायता निधी. ठरावीक गंभीर आजारांना मदत मिळते, अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कक्षात देता येतो, पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात. बिल भरून घरी आल्यावर अर्ज करून उपयोग नाही. उपचार चालू असतानाच, एस्टिमेट घेऊन करा.

तिसरा मार्ग म्हणजे बिल तपासणं. तपशीलवार बिल मागा. औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे ठरवण्याचा हक्क रुग्ण हक्क सनदेत आहे. हृदयातल्या स्टेंटला आणि गुडघ्याच्या इम्प्लांटला २०१७पासून सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे. स्टिकर आणि बिल जुळवून पाहा. उपचारांच्या नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात.

१३. बिल पूर्ण भरल्याशिवाय सोडत नाहीत. मृतदेहसुद्धा अडवला. काय करायचं?

बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही ते बेकायदा म्हटलं आहे. मृतदेह अडवणं तर कोणत्याही परिस्थितीत चालत नाही. ११२ला फोन करा आणि महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तक्रार द्या, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. बिल मात्र माफ होत नाही. हॉस्पिटल दिवाणी मार्गाने वसुली करू शकतं.

अशा वेळी ‘तारीख न टाकलेला एक चेक देऊन जा’ असा तोडगा निघतो. तो देऊ नका. चेक वटला नाही की साध्या थकबाकीचा फौजदारी खटला होतो. त्यापेक्षा हप्त्यांचं लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

१४. क्लेम नाकारला. कुठे जायचं?

नामंजुरीचं पत्र कारणासह लेखी मिळालंच पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा आणि नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद करा, फोन १५५२५५. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिकचे अर्ज पुण्याच्या कार्यालयाकडे जातात. शुल्क नाही, वकील लागत नाही (चालतही नाही), ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा.

तिथेही समाधान झालं नाही, तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. आमचं मत विचाराल तर कपातीच्या हिशेबाचा वाद लोकपालाकडे लवकर सुटतो. आजार लपवल्याच्या आरोपासारखी, पुरावे-उलटतपासणीची प्रकरणं आयोगाकडे न्यावीत.

१५. पैसे उभे करायचेच आहेत. दागिने ठेवू, पर्सनल लोन काढू की व्यापाऱ्याकडून उचल घेऊ?

प्रश्न ९ आणि १२मधली दारं ठोठावली नसतील तर आधी तिकडे. मग बँकेतलं सोनेतारण, पतसंस्थेचं किंवा नोकरीतल्या सोसायटीचं कर्ज. पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाचे हप्ते शेवटी. हॉस्पिटलच्या काउंटरवर फायनान्सवाला बसलेला असतो. प्रक्रिया शुल्कासह वर्षाचा एकूण दर किती, ते त्याच्या मुख्य तथ्य पत्रकात पाहा.

द्राक्ष आणि कांद्याच्या पट्ट्यात व्यापाऱ्याकडून उचल घेण्याची पद्धत आहे. कागदावर व्याज नसतं, ते भावात वसूल होतं. एका बायपाससाठी दोन हंगामांचा माल बांधला गेल्याची उदाहरणं दिंडोरी-निफाडला घरोघर सापडतील.

सावकाराकडे जायचंच असेल तर परवाना पाहा. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारणी कर्जावर १२ टक्के, बिगरशेतकऱ्याकडून १५ आणि १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याजही नाही. ‘महिना पाच टक्के’ म्हणणारा कायद्याबाहेर आहे. त्याची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे होते. जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल तर ती परत मिळवण्याची तरतूदही २०१४च्या सावकारी कायद्यात आहे.

वसुली एजंटना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करत असतील तर बँकेकडे तक्रार, आणि ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

१६. हॉस्पिटलचं बिल थकलं तर सिबिल खराब होतं का?

हॉस्पिटल ही कर्ज देणारी संस्था नाही, त्यामुळे नुसत्या थकलेल्या बिलाची तिथे नोंद होत नाही. पण तेच बिल फायनान्स कंपनीच्या हप्त्यांवर किंवा कार्डावर टाकलं की ते कर्ज झालं, आणि हप्ता चुकला की नोंद होते.

१७. वडील उपचारादरम्यान गेले. त्यांचं बिल आणि कर्ज आता माझ्यावर का?

वारसाची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांच्या नावे काही नसेल तर त्यांचं पर्सनल लोन तुमच्या पगारातून वसूल करता येत नाही. पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल, किंवा भरतीच्या फॉर्मवर ‘बिलाची जबाबदारी माझी’ या ओळीखाली सही केली असेल, तर देणं तुमचं स्वतःचं ठरतं. कर्जासोबत विमा काढला होता का तेही पाहा. बँका तो हप्त्यात घालतात आणि घरच्यांना सांगत नाहीत.

१८. हप्ता दरवर्षी वाढतोय. पॉलिसी सोडून द्यावी का?

साठीनंतर सोडू नका. नवी मिळणं अवघड आणि प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाकडे जावं लागतं. वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून शून्य झाला आहे. नूतनीकरणाच्या पावतीत तो अजून दिसत असेल तर विचारा.

मूळ पॉलिसी तीन-पाच लाखांची ठेवून वर सुपर टॉप-अप घेणं स्वस्त पडतं. घेताना ‘सुपर’ हा शब्द पाहून घ्या. साध्या टॉप-अपमध्ये एकाच भरतीचा खर्च ठरलेल्या रकमेवर जावा लागतो, सुपरमध्ये वर्षभरातल्या सगळ्या भरत्यांची बेरीज धरतात. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ४५ दिवस पोर्टिंगचा अर्ज करा आणि नव्या कंपनीचा होकार हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका.